संक्रांतीपर्यंत बघते

बदली झाली की सामान ट्रकमधून एकदाच उतरतं, किस्से मात्र वर्षभर उतरत राहतात. घडत असताना हसू येत नाही ते वेगळंच. तेव्हा नुसतं डोकं फिरतं! आमची गेल्या जूनपासूनची डोकेफोड सांगतो.

बाबा विमा कंपनीत आहेत. साताऱ्याहून त्यांची जयपूरला बदली झाली. मागच्या बदलीला ते तीन वर्षं एकटेच रायपूरला होते. त्या तीन वर्षांत त्यांनी पोटाचं दुखणं लावून घेतलं आणि इकडे माझी अकरावी सुटली, ती सुटलीच. म्हणून या वेळी सगळेच निघालो: आई, बाबा, मी आणि सातवीतली मुक्ता. पण ट्रकमध्ये शेवटचं पोतं चढत असताना आईने अट घातली.

"संक्रांतीपर्यंत बघते. नाही जमलं तर मुक्ताला घेऊन मी परत येणार. तुम्ही दोघं राहा तुमच्या राजस्थानात!"

आई उगाच बोलत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यामुळे जयपुरात काहीही बिनसलं की बाबा आणि मी आधी आईच्या तोंडाकडे बघायचो.

पहिल्याच दिवशी कूलर बिनसला.

शास्त्रीनगरला खालचा मजला भाड्याने मिळाला, खिडकीत कूलरही होता. फक्त तो चालत नव्हता. जूनचा महिना! बाबांनी मिस्त्रीला फोन केला.

"बस दस मिनट, साहब, रास्ते में हूं."

आईने त्याच्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवलं. संध्याकाळी ते मीच प्यायलो. दुसऱ्या दिवशीही तो रस्त्यातच होता. आठवड्याने पुन्हा विचारलं, तर "हो जाएगा जी, टेंशन मत लो!"

बाबा वैतागून म्हणाले, "साताऱ्यातला मिस्त्री तोंडावर 'जमणार नाही' म्हणतो. निदान माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो! इथे नाही म्हणायला काय कर लागतो का?"

उरलेला उन्हाळा आम्ही खिडकीला ओल्या चादरी लावून काढला. आई दिवाळीच्या चकल्या पाडत होती तेव्हा दारात एक माणूस उभा राहिला. अंगात हाफ स्वेटर, हातात पाना.

"कूलर कहां है, साहब?"

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. तो मात्र अगदी मनापासून म्हणाला, "देखो जी, मैंने बोला था ना, आऊंगा."

कूलरशिवाय जगता येतं. भाकरीशिवाय आईला येत नाही. बाबांनी कुठून तरी चार किलो ज्वारी शोधून आणली आणि मी डबा घेऊन चक्कीवर गेलो. चक्कीवाल्याने झाकण उघडलं, दाणे हातात घेतले आणि विचारलं, "कितनी भैंसें हैं?"

इकडे ज्वारी म्हणजे गुरांचं खाणं! "आम्ही खातो" एवढंच सांगायचं होतं. पण रांगेतली पाच माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"दो," मी म्हणालो.

"तो बारीक क्यों पिसवा रहे हो? दलिया कर देता हूं. भैंस को वही पचेगा."

त्याने प्रेमाने जाडंभरडं दळून दिलं. घरी आईने डबा उघडला. "हे काय आणलंस? गुरांना घालायचंय का?"

पुढच्या आठवड्यात गेलो, तर त्याने लांबूनच हाक मारली, "आओ भैया! दूध कितना देती हैं?"

"ठीक है."

"तो दो किलो हमारे यहां भी लगवा दो!"

तेव्हापासून मी तीन गल्ल्या पलीकडच्या चक्कीवर जातो. त्याच्या दुकानावरून जावं लागलं तर डबा पिशवीत घालतो.

आमच्या वर घरमालक राहतात. त्यांच्या आईला अख्खी गल्ली माताजी म्हणते. सत्तरी ओलांडलेली बाई, पण गल्लीत पान हललं तरी त्यांना कळतं. एक दिवस त्या दोन शेजारणींना घेऊन आईला भेटायला आल्या. आईने हिंदी मनातल्या मनात जुळवून विचारलं, "चाय लेंगी?"

"अरे नहीं नहीं, रहने दो."

"बरं," असं म्हणून आई खाली बसली. अर्धा तास गप्पा झाल्या. त्या गेल्या.

दोन दिवसांनी मुक्ताने मैत्रिणीकडून बातमी आणली. "आई, सगळे म्हणतात, मराठीवालों के यहां चाय नहीं बनती!"

आई भडकली. "विचारलं की मी! त्याच नको म्हणाल्या!"

मग मुक्तानेच समजावलं. इथे विचारायचंच नसतं, सरळ कप पुढे ठेवायचा. समोरचा दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा घेणार.

"म्हणजे मी काय त्यांच्या पोटात शिरून बघू?" आई म्हणाली. पण लागलं होतं तिला. पुढच्या वेळी माताजी आल्या तेव्हा तिने काही विचारलं नाही. चहा, पोहे आणि बेसनाचे लाडू थेट पुढ्यात! माताजी नको म्हणाल्या. आईने ताटली पुढे सरकवली. त्या पुन्हा नको म्हणाल्या. आईने लाडू उचलून हातात दिला.

"बहू," माताजी लाडूकडे बघत म्हणाल्या, "आज मेरा निर्जला व्रत है."

त्या संध्याकाळी आई बाबांना विचारत होती, साताऱ्याकडे जायला थेट गाडी कोणती.

त्यानंतर माताजींच्या नातवाचा वाढदिवस आला. आम्हाला वर जेवायला बोलावलं. दाल-बाटी-चूरमा. आता बाबांचं असं आहे की पानात टाकणं त्यांना मरणाहून वाईट. लहानपणापासूनची शिस्त! त्यांनी ताट स्वच्छ केलं. लगेच तुपात बुडवलेली बाटी पडली. तीही संपवली. पुन्हा पडली. चौथ्या बाटीला बाबांनी ताटावर आडवा हात धरला, तर माताजींनी बोटांच्या फटीतून तूप सोडलं!

"अरे, सांग ना यांना," बाबा मला कळवळून म्हणाले. मी काय सांगणार? मी स्वतः पाचवीवर होतो.

मुक्ता हळूच म्हणाली, "बाबा, थोडं ताटात राहू द्या. सगळं संपवलं की त्यांना वाटतं, अजून हवंय."

"अन्न टाकू? मी?"

नाहीच जमलं त्यांना. आणखी दोन बाट्या खाल्ल्या. दोन दिवस रजा काढून झोपून होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात माताजी भेटल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाईसाहब ने उस दिन कुछ खाया ही नहीं. नाराज हैं क्या?"

मुक्ताचं वेगळंच. तीन महिन्यांत ती पक्की इथली झाली. दर वाक्यात एक 'मतलब', आणि मावशीला फोनवर 'मौसीजी'. आईने कायदा केला: घरात हिंदी बंद! मुक्तानेही वाट काढली. हिंदीत काही सांगायचं असलं की ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहायची आणि तिथून बोलायची. "घर में नहीं बोल रही हूं!"

आम्ही हसायचो. पण डिसेंबरात एकदा ती अशीच बाहेर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुझे सातारा नहीं जाना."

आईने मेथी निवडताना वर बघितलंही नाही. बाबा पेपर वाचत राहिले. त्यानंतर जवळजवळ आठवडाभर मुक्ता हिंदी बोलायला उंबऱ्याबाहेर उभी राहिली नाही. मला ते जास्त वाईट वाटलं.

आणि मग संक्रांत आली.

आईने हळदीकुंकवाचं ठरवलं. वीस बायकांना घरोघर जाऊन बोलावलं, संध्याकाळी पाच वाजता. सगळ्या म्हणाल्या, "हां जी, जरूर आएंगे!" तिळगूळ झाला, वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या. साडेचारला आई काळी चंद्रकळा नेसून, नथ घालून तयार.

पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. चिटपाखरू नाही.

येणार कोण? संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर असतं! सकाळपासून पतंग, तिथेच भजी, तिथेच गाणी. अंधार पडेपर्यंत कोणी खाली उतरत नाही. आमच्याच डोक्यावर स्पीकर दणाणत होता, "वो काटा!"च्या आरोळ्या उठत होत्या, आणि आई एकटी ताटासमोर बसली होती.

पावणेसहाला ती उठली. "बास झालं. तिकीट काढा. दोन. मिळेल त्या गाडीचं."

"अगं, पण..."

"संक्रांत झाली."

बाबांनी फोन हातात घेतला. मुक्ता आतल्या खोलीत गेली. आईने हळदीकुंकवाचं ताट आणि वाट्यांची पिशवी उचलली. "माताजींना तेवढं लावून येते. म्हातारं माणूस आहे." आणि जिना चढायला लागली. मला राहवेना. मीही मागे गेलो.

गच्चीवर पंधरा-वीस बायका होत्या. सगळं लाल-पिवळं. आई दारात उभी राहिली आणि माताजींची नजर तिच्यावर गेली. सणाच्या दिवशी, डोक्यापासून पायापर्यंत काळी! आपल्याकडे संक्रांतीला काळंच नेसतात. त्यांच्याकडे घरातला कर्ता माणूस गेल्यावर काळं नेसतात.

"हे राम!" माताजी ओरडल्या. "गाना बंद करो!"

स्पीकर थांबला. बायका धावत आल्या. कोणी आईला मिठी मारली, कोणी ताट धरलं, एकीने तर गळाच काढला. "कब हुआ, बहू? सुबह तो दूध लेने आए थे!" वीस जणी एकदम बोलत होत्या, आणि आई त्यांच्यामध्ये नुसती बघत उभी. काय झालंय ते मला कळलं होतं. सांगायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात माझं ऐकतंय कोण!

तेवढ्यात जिन्यातून बाबा वर आले. हातात फोन.

दोघी किंचाळल्या. एकीच्या हातातली भज्यांची परात पडली.

"भाईसाहब तो जिंदा हैं!"

बाबा जागीच थबकले. आता मात्र मी बोललो. काळी साडी, संक्रांत, सातारा, जे सुचलं ते, सगळं एका दमात. मग माताजी भिंतीला टेकून जे हसायला लागल्या! त्यांनी स्वतःची केशरी ओढणी काढून आईच्या डोक्यावर टाकली, कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "ला, लगा. हमारे यहां भी आज चौदह चीजें बांटते हैं."

आईने त्यांना हळदीकुंकू लावलं. त्यांच्या मागे दुसरी उभी राहिली. तिच्या मागे तिसरी. बघता बघता पाण्याच्या टाकीपर्यंत रांग गेली, शेजारच्या गच्चीवरच्या बायका मधली भिंत ओलांडून आल्या. नाक पुसत मुक्ताही वर आली आणि तिळगूळ वाटायला लागली.

बाबा अजून जिन्याच्या तोंडाशीच उभे होते.

"अगं," ते म्हणाले, "एकवीस तारखेची दोनच तिकिटं दिसताहेत. करू का बुक? जातील नाहीतर."

आईने वळूनही बघितलं नाही.

"वाट्या कमी पडताहेत. कपाटात आणखी सहा आहेत, तेवढ्या घेऊन या. आणि येताना तो फोन खाली ठेवून या."