फुटायला बनवलेली टाकी

मी मुद्दाम फोडण्यासाठी एक टाकी बनवली आणि ती फुटली नाही.

शेवगावला माझी मेहुणी शोभा खानावळ काढणार होती. भात वाफेवर शिजवायचा, त्यासाठी टाकी हवी. आता घरचा वेल्डर म्हणजे मी! नेवाशात माझं दुकान आहे. पण आमच्या सौभाग्यवती आडव्या आल्या.

"अहो, माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवताय का?"

"अगं, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. वाफेचा दाब दोन किलो, टाकी सोसणार आठ! चौपट!"

"कोण म्हणतं?"

"मी."

"मग दाखवा."

झालं! एकसारख्या दोन टाक्या केल्या. एक शोभाला, एक शहीद व्हायला. शोभा आणि सासरेही बघायला आले. टाकीत पाणी गच्च भरलं (हवा भरून फोडली तर पत्र्याचे तुकडे गावभर जातात), भोवती वाळूच्या गोण्या रचल्या, सगळ्यांना लांब उभं केलं आणि गोण्यांच्या अलीकडून मी हातपंप मारू लागलो.

दाबाचा काटा आठवर गेला. टाकी ढिम्म!

"झालं की! पास!" शोभा टाळ्या वाजवत म्हणाली. तिथं थांबायला हवं होतं. पण मला फोडूनच दाखवायची होती ना!

दहा. बारा. टाकी पुरीसारखी फुगली, पण फुटेना. माझा सदरा घामानं चिंब.

"जावईबापू," सासरे घड्याळ बघत म्हणाले, "फुटायचं काय खरं न्हाई. माझी येष्टी हाय."

"दोनच मिनिटं, मामा!"

चौदा! फाट्टकन आवाज झाला. मी आनंदानं ओरडलो, "फुटली!"

टाकी जागच्या जागी होती. सुटला होता पंपाचा पाइप, मी स्वतः, स्वतःच्या हातानं बसवलेला! पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर. टोपी उडून चिखलात.

"टाकी लई भारी हाय," सासरे गंभीरपणे म्हणाले. "पाइप कुनी बशिवला?"

मी डोळे पुसत राहिलो.

शोभा हसून हसून खाली बसली. बायको मात्र टाकीवरून हात फिरवत होती. "चौदालाही फुटली नाही हो! पाठवा दुसरी शेवगावला. फक्त पाइप बसवायला दुसरा माणूस पाठवा."

पुढच्याच सोमवारी खानावळ सुरू झाली. पहिल्या दिवशीच भात दोनदा लावावा लागला, इतकी गर्दी! शोभानं उद्घाटनाचा मान मला दिला होता. मी नारळ तीनदा आपटला. तोही फुटला नाही!