ठिपका उमटण्याआधी

मोशीच्या मैदानावर मी बरीच वर्षं मुलींच्या कबड्डीत पंच म्हणून उभी राहते. आठवडाभर चाकणच्या कंपनीत पार्ट तपासायचे आणि रविवारी मॅटवरचे पाय. गावातले एक तात्या दर सामन्याला दोरीपाशी येऊन ओरडायचे, "ओ बाई, दिसतंय का न्हाई?" त्याचीही सवय झाली होती.

गेल्या हिवाळ्यात पिंपळे सौदागरहून आयटीतला एक इंजिनियर आला. त्यानं बनवलेला चष्मा घालून मी अंतिम सामना चालवावा, असं आयोजकांनी ठरवलं. काचेतून सगळं जसंच्या तसं दिसायचं. फक्त मॅटवरच्या रेषा उजळायच्या आणि कुणाचा पाय रेषेबाहेर टेकला की तिथं लाल ठिपका उमटायचा. चारही कोपऱ्यांतले कॅमेरे तो ठिपका पाठवत. डोळे पोरींवर ठेवायचे की ठिपक्यांवर, हेच मला कळेना. सारखी चष्म्याची काडी चाचपत होते.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. चढाई करणारी खोलवर शिरली, कोपऱ्यातल्या पोरीनं तिचा घोटा धरला आणि दोघी मागच्या रेषेजवळ कोसळल्या. धरणारीची टाच मला आत दिसली. स्वच्छ आत. पकडीचा गुण द्यायला हात उचलणार, तेवढ्यात त्या टाचेखाली लाल ठिपका पेटला. माझा हात अडखळला आणि दुसऱ्या बाजूला वळला. धरणारीचा संघ हरला.

मी ओरड्याची वाट बघत राहिले. तात्या शेजारच्याला एवढंच म्हणाले, "चष्म्यानं दावलंय न्हवं? मग झालं." लोक उठून चालायला लागले. इतक्या चुरशीच्या निकालावर कुणीच भांडलं नाही, आणि मला मात्र एका जागी उभं राहवेना.

मंडपामागं ती पोरगी गुडघ्याची पट्टी सोडत बसली होती. मी विचारलं, "खरं सांग, टाच बाहेर होती?"

"हो मॅडम. घसरली तेव्हाच कळलं मला." डोळे पुसत ती हसली. "पण तुम्ही पकड दिली असती, तर मी गप्प बसले असते."

म्हणजे चष्माच बरोबर होता. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट आठवडाभर कंपनीत एकेक पार्ट पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. शेवटी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. त्यानं तर जास्तच बेचैन झाले.

मग इंजिनियरला फोन लावला.

"काही चुकलं का मॅडम?"

"चुकलं नाही. पण मी ठरवायच्या आधीच तुमचा ठिपका येतो. मग मी तिथं कशाला उभी आहे? आधी मी शिट्टी वाजवते, हात दाखवते. त्यानंतर येऊ दे तो. चुकले तर सगळ्यांसमोर निर्णय फिरवीन."

तो म्हणाला, "मग तुमच्या चुका लोकांना दिसतील."

"दिसू देत."

त्यानं तसा बदल करून दिला. तेव्हापासून दोन-तीनदा मला निर्णय फिरवावा लागलाय, आणि दर वेळी कान तापलेत.

परवा दापोडीत अशीच एक अटीतटीची पकड झाली. मी शिट्टी दिली, पकडीच्या गुणासाठी हात वर केला. पोरी माझ्याकडे बघत होत्या, मी काचेतून त्या टाचेकडे. ठिपका आला नाही. निर्णय माझाच राहिला. तरीही पुढची चढाई सुरू झाली, तेव्हा छातीतली धडधड थांबली नव्हती.