शनिवारची सही

लॉकडाऊन लागला तेव्हा लोक किराणा भरून राहिले होते आणि मी कोर्टाच्या ऑर्डरची झेरॉक्स वाचत बसले होते. नवऱ्याशी माझी केस लातूरच्या कोर्टात चालू होती. सात वर्षांची लेक माझ्याकडे, म्हणजे अहमदपूरला माझ्या माहेरी. ऑर्डर अशी, की दर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी मी तिला कोर्टाच्या आवारात न्यायचं, त्यानं नांदेडहून यायचं, तिथल्या रजिस्टरमध्ये दोघांनी सह्या करायच्या आणि चार वाजेपर्यंत बापलेकीनं भेटायचं. आता कोर्ट बंद, जिल्ह्याची हद्द बंद, घरात आई दम्याची पेशंट. लेकीला न्यावं तर आईच्या जिवाची धास्ती. न न्यावं तर आदेश मोडला म्हणून लेकच त्याच्या ताब्यात गेली तर? डोकं नुसतं भणभणत होतं.

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, कोर्टाचा आदेश कायम आहे. मग कलेक्टरचा? तोही कायम आहे. अहो, मग मी पाळू कुणाचा? तर म्हणे तहसीलला विचारून घ्या. तहसीलमधल्या बाबूनं सांगितलं, कोर्टाचं कोर्टाला विचारा. ई-पासच्या फॉर्मवर दवाखाना होता, मयत होती, पोरीला बापाला भेटवणं कुठंच नव्हतं.

तेवढ्यात त्याचे फोन सुरू झाले, निदान व्हिडिओ कॉल तरी करू दे म्हणून. मी पुन्हा वकिलांना विचारलं. ऑर्डरमध्ये फोनचा उल्लेख नाही, तुमच्यावर बंधन नाही, असं ते म्हणाले. एवढ्या सगळ्या गोंधळात सरळ असं हे एकच उत्तर मिळालं आणि मी ते घट्ट धरलं. त्याला तसा मेसेज टाकला आणि फोन उचलणं बंद केलं. खरं सांगते, बरं वाटलं. महिनाभरानं त्याचेही फोन थांबले. मी आईला म्हटलं, बघ, सुटला एकदाचा. लेक मात्र शनिवार आला की सकाळीच वेणी घालून घ्यायची आणि विचारायची, आज कोर्ट उघडलं का.

भावाचं खताचं दुकान आहे, त्याच्या टेम्पोला पास होता. एका शनिवारी तो नांदेडच्या वाटेवरच्या लोह्याकडून माल घेऊन आला आणि चप्पल काढता काढता बोलला, की दाजी हद्दीच्या नाक्यावर उभे होते, मागंही एकदा दिसले होते. माझं टाळकंच सटकलं. नाटकं! पोलिसांपुढं तमाशा करून केस भक्कम करून राहिला, दुसरं काय. पुढच्या खेपेला स्वतः जाऊन झाडते त्याला, म्हटलं. दोन आठवड्यांनी भावाच्या टेम्पोत बसले. लेक मागं लागली, तर तोंडाला रुमाल बांधून तिलाही सोबत घेतलं. नाक्याच्या अलीकडंच थांबायचं होतं.

बॅरिकेडच्या पलीकडं तो मोटरसायकलला टेकून उभा होता, दाढी वाढलेली. मी तोंड उघडायच्या आत नाक्यावरचे हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही पोरीची आई का? बरं झालं आलात. हे दर खेपेला लातूरला कोर्टात जायचं म्हणतात. मी परत पाठवतो, अन् मग माझी सही मागतात."

सही कशावर? त्यानं शाळेची दोनशेपानी वही पुढं केली. पट्टीनं रेघा मारलेल्या, कोर्टाच्या रजिस्टरसारख्याच. तारीख, वडिलांची सही, आईची सही, शेरा. दर ओळीच्या शेऱ्यात हवालदारांच्या अक्षरात लिहिलेलं, पास नसल्याने परत पाठविले. त्याच्या वकिलानं म्हणे सांगितलं होतं, गैरहजर राहिलास तर पोरीवरचा हक्क सोडला असं धरतील. खरं का खोटं, त्यालाही माहीत नव्हतं. मला इतके दिवस वाटत होतं, भांबावलेली मी एकटीच आहे.

"फोन का बंद केले मग?" मी विचारलं.

"ऑर्डरमध्ये फोन न्हाई, असं तूच लिहिलंस ना. म्हटलं, करत राहिलो तर ते पण माझ्याच अंगावर येईल."

भांडायला म्हणून जे जे ठरवून आणलं होतं, ते सगळं जिरलं. लाज वाटली, लई लाज वाटली. लेक बॅरिकेडला चिकटून त्याला पडलेले दात दाखवत होती आणि तो हात मागं बांधून, लांबूनच, वाकून वाकून बघत होता. हवालदार तासभर आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

निघताना लेकीनं ती वही माझ्या हातातून घेतली, रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या सह्या राहिल्यात."

करावी का न करावी? वकिलांना विचारायला मी मोबाइल काढलाही होता. मग तो तसाच पर्समध्ये ठेवला, हवालदारांचं पेन घेतलं आणि त्या दिवशीच्या तारखेपुढं सही केली. वरचे रकाने कोरेच सोडले. त्या त्या शनिवारी मी आले नव्हते, आणि एवढं काही मला कुणाला विचारावं लागलं नाही.