वहिनीचं चौथं बटण

फोनवर ‘वहिनी’ असं नाव उमटलं, म्हणून मी नेहमीसारखा म्हणालो, “बोल, आज कुठलं बटण हरवलं?” पलीकडे दादा होता. “नंदू, ही गेली रे... तू ये.” माझं ते वाक्य त्याने ऐकलं का, हे गेल्या दीड महिन्यात मला विचारवलेलं नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सहावीत होतो, त्यामुळे ‘भावजी, तुम्ही’ असला मान माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. मुलुंडच्या तिच्या घरी मी हक्काने जेवायचो आणि बदल्यात तिच्या फोनची सेवा करायचो. म्हणजे बिघाड करायचो. टिपणं लिहायचं एक अ‍ॅप मी तिला घालून दिलं आणि ते उघडल्याबरोबर दिसणाऱ्या पडद्यावर हौसेने आठ बटणं मांडली. नवं टिपण, यादी, फोटो, चित्र, आवाज, आणखी काय काय... ती बिचारी यादी लिहायला जायची आणि बोट फोटोवर पडायचं. महिन्याभरात वाणसामानाच्या यादीऐवजी छताच्या पंख्याचे एकोणीस फोटो जमले. “हे सगळं तुझ्या सोयीसाठी का रे?” तिने विचारलं. मग मिसळणाचा डबा माझ्यासमोर आपटून म्हणाली, “हा बघ. मोहरी घ्यायला मी चष्मा लावते का? रोजचं ते हाताशी. तसं लाव.” तसं लावलं. लिहून ठेवलेल्या एखाद्या टिपणाचंच बटण करता येतं, हेही तिनेच शोधलं. मी आपला, मला आधीच माहीत होतं असा चेहरा केला.

शेवटचा भेटलो तेव्हा दुखण्याने ती पार वाळली होती. उशीला टेकून म्हणाली, “नंदू, सगळी बटणं काढ. चारच ठेव. आणि अक्षर मोठं कर.” पहिलं ‘गोळ्या’, दुसरं ‘कुकर’, तिसरं ‘कुठे काय आहे’. मी हसलो. “वहिनी, आता कुकर वाचून लावणार तू?” ती चिडली की मालवणीवर यायची. “तुका कित्याक व्हया ता? सांगतंय तसा कर.” चौथं आवाजाचं. “हे कशाला?” “बोलायला.” तेवढ्यात बाहेरून दादा ओरडला, “अगं, माझा चष्मा?” “देव्हाऱ्यापाशी,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, वहिनीला आता विसरायला व्हायला लागलंय...

दिवसकार्य झाल्यावर मी दादाला बोरिवलीला, माझ्या घरी, आणायला गेलो. त्याची लेक परदेशात, आणि ह्याने आयुष्यात स्वतःचा चहा केलेला नाही. “एकटा कसा राहशील? बॅग भर,” मी म्हटलं. तो ओट्यापाशी गेला. वहिनीचा फोन पोळ्यांच्या डब्याला टेकून उभा होता. त्याने दुसरं बटण दाबलं. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘तांदूळ दोन मुठी. एकट्याला पुरे. नंदू आला तर चार. तिसऱ्या शिटीला गॅस बंद, मगच टीव्ही.’

बटणं मी लावली होती. आत काय लिहिलंय ते उघडून पाहिलं नव्हतं.

दादाने चार मुठी तांदूळ धुतले. तीन शिट्ट्या ओट्याला चिकटून उभं राहून मोजल्या, गॅस बंद केला. कुकर निवल्यावर भातात पळी घालून पाहिली आणि मग चौथं बटण दाबून, फोन तोंडाशी धरून, कचेरीत हजेरी द्यावी तसा म्हणाला, “भात झाला गं. जरा मऊ झालाय. नंदू आलाय, न्यायला.” पळी ओट्यावर ठेवली... “नाही जात मी.”

मी बॅगेचा विषय परत काढला नाही. ताटं घ्यायला उठलो. चाळीस वर्षं त्या घरात जेवलो, पण ताटं कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं.

मी तिसरं बटण दाबलं.