मामांनी घेतलेली वांगी

सिल्वासाजवळ, गलोंड्याच्या कारखान्यात आमच्या ह्यांना सगळे मामा म्हणत. हे रत्नागिरीकडचे, कामगार बहुतेक शिरपूर-शहाद्याचे, तेव्हा नात्याचा प्रश्नच नव्हता. पण मामा म्हणून एकदा ठरलं आणि मी आपोआप मामी झाले. सिल्वासाच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, तरी त्या फाटकात मला कुणी कधी ‘बाई’ म्हटलं नाही.

हे श्रावणात गेले. मार्गशीर्षात कारखान्यातल्या एचआर साहेबांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्यासाठी एक नानुं काम छे.”

नानुं म्हणजे छोटंसं. काम असं होतं. कारखान्यातला धागा कापडवाल्याकडे जातो, त्या कापडाची सीट होते, सीट मोटारीत बसते आणि मोटार जर्मनीत विकली जाते. तिकडे कायदा झाला आहे की मोठ्या कंपनीने आपल्या मालाच्या उगमापर्यंत जाऊन बघायचं: कुणाला जबरदस्तीने राबवत नाहीत ना, नोकरी लावून देण्यासाठी कुठल्या दलालाने कामगाराकडून काही घेतलं नाही ना. त्यासाठी दिल्लीहून तपासनीस बाई येणार होत्या. प्रश्न कामगाराच्या भाषेतच विचारायचे, आणि दुभाषा कारखान्याच्या पगारावरचा नको.

“तुमचं नाव आमच्या पगारात नाही,” साहेब म्हणाले.

“आता ह्यांचंही नाही,” मी म्हटलं.

मग मीच हो म्हटलं. त्या फाटकातून आत जायला मला निमित्त हवंच होतं.

तपासनीस बाई तरुण होत्या, इस्त्रीच्या कुडत्यातल्या, टॅबलेटवर लिहिणाऱ्या. मी निवृत्त शिक्षिका अशी ओळख करून दिली. ती खोटी नव्हती.

कँटीनमध्ये बैठक बसली. बाई हिंदीत प्रश्न विचारत. समोरच्या कामगाराला तो व्यवस्थित कळे, कारण दिवसभर तो हिंदीच बोलतो. तरी नियम म्हणून तो माझ्याकडे बघे, मी तोच प्रश्न मराठीत सांगे, तो मराठीत उत्तर देई आणि मी ते पुन्हा हिंदीत. बाईंनाही मराठी निम्मी कळत होती. आम्ही तिघेही अतिशय गंभीर होतो.

पहिला आला तो पॅकिंगमधला, पिकल्या मिशांचा.

“तुम्हाला इथे कामाला कोणी लावलं?”

“मामानी.”

“सख्ख्या मामांनी?”

“नाही. मामानी.”

दुसऱ्यालाही मामांनीच लावलेलं, तिसऱ्यालाही. हे खरंच होतं. पहिल्यांदा ह्या मिशाळ्याला वापीच्या स्टँडवरून ह्यांनी बरोबर आणलं, मग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याचं अख्खं गाव. नवव्या माणसाने मामा म्हटल्यावर बाईंनी मिशाळ्याला परत बोलावलं.

“मामा को कुछ देना पड़ा?”

मी प्रश्न जरा सावकाश मराठीत सांगितला. मिशाळा खोटं बोलणाऱ्यातला नाही.

“दिलं ना. वांगी.”

“बैंगन?”

“दर हिवाळ्यात. गोणीभर.”

बाईंनी लिहिलं. मला वाकून बघायची गरज पडली नाही, अक्षरं मोठी होती. एजंट : मामा. मोबदला : वस्तुरूपात, वांगी.

स्टोअरमधली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस हा. मेल्यावर चार महिन्यांनी जर्मनीच्या कपाटात दलाल म्हणून जाणार. साहेबांना ऑर्डरची काळजी लागली होती, ते कँटीनच्या दारात उभे राहून रुमालाने कपाळ पुसत होते. मला त्या एका ओळीची काळजी होती.

“इन मामा से मिलना पड़ेगा,” बाई म्हणाल्या.

मिशाळा म्हणाला, “मामीलेच विचारा ना. ह्या काय, समोरच बसल्या.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. भाषांतर करणं माझं काम होतं, ते मी केलं. “ये कह रहे हैं, मामी से पूछिए. मामी मैं हूँ.”

मग सगळं सांगितलं. मामा गेले, तेही. मी कोकणातली, मला भरीत येत नव्हतं, ते ह्याच मिशाळ्याने आमच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून शिकवलं, तेही. गोणी आली की सुट्टीच्या दिवशी आणणारेच जेवायला येत आणि दोघांना पुरेल एवढंसुद्धा मागे ठेवत नसत.

“सबूत?”

“वांगी खाल्ली,” मी म्हटलं.

बाईंनी टॅबलेट बाजूला ठेवला. त्यांचा नियम असा की कामगाराने नोकरीसाठी काही दिलं असेल तर ते त्याला परत मिळालं पाहिजे; मिळाल्याचं लिहून घेतलं आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तरच ती नोंद बदलता येते. त्यांचा मुक्काम दोन दिवस होता. “तो लौटा दीजिए,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरून थट्टा की हुकूम, ते मला कळलं नाही.

सिल्वासाच्या बाजारात जांभळी, मुठीएवढी वांगी मिळतात. भरताला खानदेशची हिरवी, मोठी लागतात. फाटकाबाहेर मिशाळ्याला हे सांगितलं, तर तो खाली बघायला लागला.

“यंदा कोणी आणलीच नाही, मामी. कोणाले द्यायची?” मग म्हणाला, “उद्या शिरपूरहून आमचा मेहुणा येतोय.”

“म्हणजे वांगी परत करायला मी तुमच्याकडूनच वांगी घेऊ?”

“घ्या की. फॉर्मवर कुठं विचारलंय, परत केली ती कुठून आणली?”

तर आणली. अंगणात काड्या पेटल्या, भाकऱ्या कामगारांच्या बायकांनी थापल्या, मी फक्त भरीत ठेचलं. सगळी शिफ्ट जेवली. बाईही आल्या, टॅबलेट पर्समध्येच राहिला आणि त्यांनी भाकरी दोनदा मागून घेतली. जेवणानंतर मी वहीच्या कागदावर सुवाच्य लिहिलं : मामांना दिलेली वांगी परत मिळाली. सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मिशाळ्याने सहीपुढे लिहिलं, मीठ कमी होतं.

बाईंनी कागदाचा फोटो काढला आणि टॅबलेटवरचा ‘एजंट’ हा शब्द पुसला. “यहाँ क्या लिखूँ? मामा माने?”

तीस वर्षं मुलांना शब्दार्थ सांगितले, पण इतका वेळ कधी लागला नव्हता.

“आईचा भाऊ,” मी म्हटलं. हिंदीतही सांगितलं.

त्यांनी तसंच लिहिलं आणि माझ्यासमोर पाठवून दिलं.

सगळे गेल्यावर बघितलं, तर मागच्या पायरीवर चार वांगी मुद्दाम ठेवलेली होती. ती मी आत घेतली. बाईंना कळवलं नाही.