डागवाला तेओद्यूल

तेओद्यूल केनेलला आमच्या बेलरीव गावात चित्रकार कुणीच म्हणत नसे. त्याला सगळे 'डागवाला' म्हणत. नावाडी केनेलचा हा एकुलता एक मुलगा. बापाने आयुष्यभर सेन नदीवर माणसं, गुरं, पिठाची पोती अलीकडची पलीकडे केली, आणि पोरानेही तीच वल्ही धरावीत एवढीच त्याची इच्छा होती. पोरगा वल्ही सोडून पाण्याकडे बघत बसायचा. होडी धक्क्याला लागायची, उतारू उतरून जायचे आणि हा आपला अजून पाण्यातच. मी त्याच धक्क्यावर गावाचे कपडे धुते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, ऐकीव नाही.

मिसरूड फुटलं तसा तो पॅरिसला पळाला आणि लढाईत प्रशियन सैनिक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी परत आला. बाप तोवर वारला होता. येताना त्याने एक बायको आणली, रंगांची एक पेटी आणली आणि एक खूळ आणलं. खूळ असं, की वस्तूचं नाव विसरायचं. पॅरिसमध्ये त्याच्यासारखीच चार टाळकी जमली होती म्हणे, उन्हातान्हात उघड्यावर बसून चित्रं काढणारी. त्यांनी एकमेकांना शिकवलं होतं की झाडाकडे बघताना झाड म्हणायचं नाही, हिरवा डाग म्हणायचं. घर म्हणायचं नाही, पिवळा डाग म्हणायचं. डोळ्याला जे दिसतं तेवढंच कॅनव्हासवर ठेवायचं, डोक्याला जे माहीत आहे ते बाजूला सारायचं.

"मग मी कोण रे?" मी विचारलं.

त्याने डोळे बारीक केले. "तुम्ही खाली निळ्या, वर विटकरी, ओर्तान्सबाई. हातांपाशी जरा जांभळ्या."

"गार पाण्यात दिवसभर हात घाल, तूही होशील जांभळा," मी म्हटलं. तो हसला नाही. माझ्या हातांकडेच बघत राहिला. ते बघणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं. माणूस आपल्याकडे बघतोय आणि आपण मात्र त्याला दिसत नाही, हे अंगावर येतं.

मग गावच्या मेयरच्या गोठ्याचं प्रकरण झालं. भर उन्हाळ्यात हा टेकडीवर बसून खालच्या गोठ्याचं चित्र काढत होता. गवताने शाकारलेलं छप्पर, मागे गव्हाची शेतं. छपरावर त्याला एक नारिंगी ठिपका दिसला. त्याने तो रंगवला. ठिपका वाढला, याने वाढवला. वर करडा पट्टा आला, तोही आला तसा उतरवून घेतला. खाली बोंबाबोंब झाली तोपर्यंत अर्धं छप्पर कोसळलं होतं आणि आत बांधलेली दोन वासरं जळून गेली होती.

"अरे मेल्या, तू वरून बघत होतास ना? मग ओरडला का नाहीस?" मेयरने त्याची गचांडी धरली.

"मला आग दिसली नाही," तेओद्यूल म्हणाला. "मला नारिंगी दिसला."

सगळ्यांना वाटलं, हा थट्टा करतोय. मला त्याचं तोंड दिसत होतं. तो खरं बोलत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्या दिवसापासून तो डागवाला झाला आणि आयाबाया त्याला बघितलं की आपली पोरं घरात ओढून घ्यायला लागल्या.

त्याची बायको लेओकादी मात्र सगळ्या गावाची लाडकी. पॅरिसमध्ये बायकांच्या टोप्या शिवायची, इथे येऊन आमच्या टोप्यांना फिती लावून द्यायला लागली. हसायची तर पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. चित्रं विकली जात नसत, नवीन कॅनव्हास परवडत नसे, तर ही बाई संध्याकाळी मांडीवर जुनं चित्र घेऊन सुरीने रंग खरवडत बसायची, म्हणजे सकाळी नवऱ्याला कोरा कॅनव्हास मिळावा. "काल मेहनतीनं काढलेली शेतं आज खरवडून टाकली," असं हसत हसत सांगायची. मी असते तर ती सुरी नवऱ्यावर उगारली असती.

त्या शरद ऋतूत तेओद्यूलच्या डोक्यात नवीन किडा शिरला. नदीकाठी नासपतीच्या झाडाखाली एक बाक आहे. सूर्य पॉप्लरच्या झाडांच्या शेंड्यांवर यायच्या आधी तिथे पाण्यावरचं धुकं येऊन थांबतं आणि थोड्या वेळात विरून जातं. तेवढ्या वेळात त्या धुक्यात बसलेली पांढऱ्या मलमलीतली बाई त्याला पकडायची होती. कालचा उजेड आज नसतो, म्हणून कालच्या चित्राला आज हात लावायचा नाही, रोज नवीन सुरू करायचं आणि धुकं गेलं की थांबायचं, असा त्याचा नेम. पॅरिसचा चित्रांचा व्यापारी लामूरू याने उधारीवर कॅनव्हास धाडले होते आणि कळवलं होतं की हिवाळ्याच्या तोंडावर येऊन सगळी चित्रं एकत्र बघेन. मग काय विचारता! लेओकादी रोज पहाटे लग्नातला झगा घालून त्या ओल्या बाकावर.

मी समोरच्या धक्क्यावर कपडे आपटत असायची. पहिले काही दिवस ती मला हात करायची. नवरा ओरडला, की हात हलवू नकोस, पांढरा डाग फुटतो. मग तिने हात करणं सोडलं. नंतर नंतर खोकल्याचा आवाज यायला लागला. धुक्यात ती दिसायची नाही, नुसता खोकला पाण्यावरून यायचा आणि त्याच्या पाठोपाठ तेओद्यूलचा आवाज, "झालंच, झालंच."

ऑक्टोबरच्या धुण्यात तिचे रुमाल आले. घडीच्या आत तपकिरी डाग. असले डाग मी आधीही धुतलेत, मला कुणी सांगायला नको. तशीच ओल्या हातांनी तिच्या घरी गेले.

"हे काय गं?"

तिने दार लोटून घेतलं. "नाकातून आलं."

"लेओ, मी काल जन्मलेली नाही."

"हळू बोला ना, ओर्तान्सबाई. तो ऐकेल."

"ऐकू दे की! त्याने ऐकावं म्हणूनच आलेय."

तिने माझा हात धरला. तिचा हात चुलीवरून काढल्यासारखा तापला होता. "त्याला पहिल्यांदाच जमतंय हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. झोपेत हसतो, माहितेय? लामूरू येऊन जाऊ दे. त्याने चित्रं घेतली की आम्ही नदीपासून लांब कोरड्यात घर बघू, डॉक्टरला दाखवू, सगळं करू. थोडेच दिवस राहिलेत."

"थोडेच दिवस कुणाचे राहिलेत?" मी म्हणून गेले.

मी गप्प बसणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे वळसा घालून सरळ बाकापाशी गेले आणि तेओद्यूलच्या चित्राच्या तिकाटण्यासमोर, त्याच्या त्या लाडक्या उजेडात, आडवी उभी राहिले.

"बाजूला व्हा ना, ओर्तान्सबाई!"

"तुझी बायको खंगत चाललीय. डोळे फुटलेत का तुझे? तिला आत ने."

त्याने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "लेओ, तुला बरं नाही का?"

"सर्दी झालीय," ती म्हणाली. "बघ की, गाल कसे लालबुंद आहेत. आजारी माणसाचे असतात का असे?"

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "खरंच की! काल नव्हता हा लाल." असं म्हणून त्याने पेटीतून लाल रंगाची नळी काढली. मी त्याला जे काही बोलले ते पाद्र्यालासुद्धा सांगणार नाही.

नोव्हेंबरमध्ये झाडं बोडकी झाली. धुकं दाट झालं आणि जास्त वेळ रेंगाळायला लागलं, म्हणजे तिचं बसणंही लांबलं. ती खांद्यावर तपकिरी शाल घ्यायची. एका पहाटे मी बघितलं, तो उठला, तिच्यापाशी गेला, शाल अलगद काढून घेतली आणि आपल्या स्टुलावर ठेवून पुन्हा चित्राला लागला. शालीचा रंग पांढऱ्याला मारत होता. कावळेसुद्धा त्या दिवसांत त्या झाडावर बसत नव्हते, निदान मला तरी दिसले नाहीत.

लामूरू आला तो दिवस कोरडा, कडक थंडीचा होता. तेओद्यूलने बापाच्या होडीच्या पडवीत सगळी चित्रं भिंतीला टेकवून ओळीने मांडली होती, सप्टेंबरचं दाराशी आणि कालचं पार टोकाला. मी इस्त्रीचे कपडे द्यायला म्हणून गेले आणि मुद्दामच थांबले. लामूरू जाडजूड, फरची कॉलर लावलेला, बोलायला गोड माणूस. पहिल्या चित्रापासून सावकाश चालत निघाला. मध्यावर त्याने हॅट काढली. टोकाला पोचला तेव्हा तो कुजबुजत बोलत होता.

"केनेल, तुम्ही फार धीराचे आहात."

"धीर कसला, साहेब? पहाटे उठायचं, एवढंच."

"नाही नाही. मी आजवर हजारो चित्रं बघितली. मरण इतकं सावकाश, दिवसादिवसाने रंगवलेलं मी बघितलं नाही. इथे गाल भरलेले आहेत. इथे तो ताप आला. इथून पुढे हातांत हिरवट यायला लागतं, कपाळ मेणासारखं होतं. आणि हे शेवटचं..." त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "हे काढल्यानंतर बिचारी किती दिवस जगली?"

लेओकादी दारात उभी होती. हातात सफरचंदाच्या दारूचा जग आणि तीन पेले. गावात पाहुणा आला की घरातल्या बाईने आधी पेला पुढे करायचा, तशी ती आली होती, शालीत गुरफटून.

लामूरूने तिच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि त्याच्या तोंडाचा रंगच उडाला. तेओद्यूल अजून काही कळलं नाही अशा चेहऱ्याने हसत होता. मग तो दारापाशी गेला आणि पहिल्या चित्रापासून चालायला लागला. एकेका चित्रापुढे थांबत होता. प्रत्येक डाग त्याचाच होता, जागच्या जागी, अचूक. टोकाला पोचल्यावर तो वळला आणि बायकोकडे बघितलं. त्याच्या घशातून जो आवाज आला तो मी आजही विसरू शकत नाही.

जग तिच्या हातातून मीच घेतला, नाहीतर पडला असता.

डॉक्टरला आणायला तो थंडीत बिनटोपीचा धावत गेला. डॉक्टर वास्सरने तिच्या पाठीला कान लावला आणि मला बाहेर बोलावलं, म्हणजे काय ते मला कळलंच. दोन्ही फुफ्फुसं गेली होती. "सुरुवातीलाच दाखवलं असतं तर..." एवढं बोलून तो थांबला. नदीपासून दूर नेण्यात आता अर्थ नव्हता. वाटेतच संपली असती.

त्यानंतर तेओद्यूलने ब्रशला हात लावला नाही. चुलीजवळ तिची खाट ओढली, लाकडं फोडली, सूप केलं, ते करपवलं, पुन्हा केलं. लामूरूने सगळी चित्रं घेतली आणि निरोप पाठवला की शेवटचं एक अजून मिळालं तर ओळ पुरी होईल. निरोप्या उभा होता तोवर तेओद्यूलने रंगांची पेटी उचलली आणि तशीच, न उघडता, नदीत टाकून आला. निरोप्याला म्हणाला, "हे सांग साहेबांना."

नाताळच्या आधी एका सकाळी मी चादरी बदलायला गेले. बाहेर बर्फ पडून आकाश मोकळं झालं होतं आणि खिडकीतून खोलीभर उजेड आला होता. तो ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"लेओ, माझ्याकडे बघ जरा."

तिने बघितलं.

"तुझे डोळे घारे आहेत."

"अगंबाई!" ती म्हणाली. आवाज राहिलाच नव्हता, पण डोळ्यांत तीच पहिली लेओकादी होती. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आज समजलं तुला?"

"डाव्यात एक काळा ठिपका आहे."

"तो पहिल्यापासून आहे, गाढवा." ती हसायला लागली, खरंखुरं हसायला, आणि हसता हसता खोकला आला. तो थांबला तेव्हा ती गेली होती.

आमच्याकडे डोळे मिटायचं काम शेजारणीचं. नवऱ्याने करायचं नसतं. मी हात धुतले, ॲप्रनला पुसले आणि खाटेपाशी गेले. हात पुढे केला तर तेओद्यूलने माझं मनगट धरलं. रागाने नाही. लहान मूल पदर धरतं तसं.

"थांबा ना, ओर्तान्सबाई," तो म्हणाला. "मी अजून बघतोय."

मी थांबले. चूल विझली, खिडकीतला उजेड भिंतीवर सरकला, तरी थांबले. मग त्याचा हात सोडवून तिचे डोळे मिटले, कारण त्याहून उशीर केला असता तर ते मिटले नसते.