बॉसला बाहेर कोण सोडतं?

एरू तामिहानाने चाळीस वर्षं लोकांची कुंपणं घातली. डोंगरापासून खाडीपर्यंत सगळ्या खोऱ्यात जिथे ताठ तार दिसेल ती एरूची, असं बेलाशक समजावं. मेंढ्या, गायी, माजलेले वळू, काय म्हणाल ते त्याने अडवून दाखवलं. आणि म्हातारपणी स्वतःच्या घरचं कुत्रं त्याला अडवता येईना! दुकानात गेला की कोणीतरी हटकायचंच, "काय एरूकाका, तुमच्या कुंपणाची गॅरंटी किती दिवसांची?"

एरूला हसू यायचं नाही. खांब ठोकायच्या यंत्रापाशी जन्म गेला आणि त्यात कान गेले. श्रवणयंत्र घालूनही लोकांचं अर्धंच बोलणं पोचायचं, आणि न पोचलेलं अर्धं आपल्याबद्दलच असणार याची त्याला खात्री. पूर्वी असा नव्हता हो. बायको होती तोवर ती सांगायची, "अरे, पावसाबद्दल बोलतायत ते." ती गेली आणि सांगणारं कोणी उरलं नाही. उरला बॉस.

बॉस म्हणजे कुत्रा. काळातांबडा, मेंढ्या हाकायच्या जातीचा, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची मेंढी खाली बसेल. फोन वाजला, दार वाजलं, किटली उकळली, की बॉस येऊन एरूच्या गुडघ्याला नाक लावायचा. बॉसशिवाय त्या घरात एरू म्हणजे नुसता ठोकळा.

तीन आठवड्यांपूर्वी ओढ्यापलीकडच्या झाडीत एक किवी पक्षी मरून पडलेला सापडला. किवीचा जीव तो केवढा! उडता येत नाही, छातीला धड हाड नाही. कुत्र्याने लाडाने तोंडात धरला तरी खलास. म्हणून खोऱ्यात कडक नियम होता, मोकळं कुत्रं दिसता कामा नये. बॉस सशांच्या मागे जायचा हे सगळ्यांना माहीत. किवीचा वास आला की पळून जायचं हेही त्याला रीतसर शिकवलं होतं, त्याचं प्रमाणपत्र एरूच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. पण प्रमाणपत्र वाचतो कोण? बोटं बॉसकडेच वळली.

कुत्र्यांवर देखरेख ठेवणारी अधिकारी हिनेवाय नात्याने एरूची पुतणी. ती येऊन म्हणाली, "काका, पुरावा नाही म्हणून सोडतेय. पण पुन्हा हा कुंपणाबाहेर मोकळा सापडला तर मला न्यावा लागेल. आणि एकदा नेला की तो परत येत नाही, हे तुम्हाला माहितीय."



दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. कुंपण हातभर उंच केलं, वर आतल्या बाजूला झुकलेली जाळी लावली. तरी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी बॉसच्या पोटाला चिखल, कानात कुसळं, आणि स्वारी व्हरांड्यात साळसूदपणे झोपलेली! एरूच्या डोक्यात किडा वळवळला. माझ्या कुंपणावरून जाणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी फाटक उघडून सोडतंय.

त्याने फाटकाला काळा दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोरा तुटलेला. खाली चिखलात बुटांचे ठसे, लहान, डावी टाच ओढलेली. डावा पाय ओढणारं माणूस खोऱ्यात एकच: शेजारची नोलीन बॅगशॉ.

आता सगळं कसं जुळलं! सहा वर्षांपूर्वी बांधावरून दोघांचं वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. किवी मेला तो हिच्याच झाडीत. ही बया संध्याकाळी वही घेऊन किवींच्या हाका मोजत बसणारी. बॉसला बाहेर काढायचं, कोणाच्या तरी नजरेस पाडायचं आणि काटा काढायचा. 'बघ, बघ कशी साधीभोळी दिसते!' एरू खिडकीतून तिच्याकडे बघून दात खायचा.

त्याने हिनेवायकडे लेखी तक्रार दिली. तिने वाचली. "काका, ती सोडते म्हणता. मग सकाळी आत कोण आणतं?"

"भूक लागली की येतो."

"भुकेला फाटक उघडता येतं?"

"तू पुतणी कोणाची, माझी की तिची?"

हिनेवायने हात जोडले. "उद्या सकाळी येऊन बघते."

एरूने संध्याकाळीच फाटकाला कुलूप ठोकलं, श्रवणयंत्रं काढून उशाशी ठेवली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपला.

सकाळी गुडघ्याला नाक लागलं नाही. तो धडपडत बाहेर आला, येता येता यंत्रं कानात कोंबली. बाहेर भुरभुर पाऊस. फाटकापलीकडे ओल्या गवतात नोलीन बसली होती, अंगात झोपायचा गाऊन, पायात रबरी बूट. गाऊनचा पट्टा तिने बॉसच्या गळ्यात बांधला होता आणि दुसरं टोक मुठीला गुंडाळलं होतं.

"पाऊण तास ओरडतेय, बहिऱ्या!" ती कडाडली. "कुलूप कसलं घालतोस?"

"माझं कुत्रं तूच सोडतेस!"

"सोडते? अरे अतिशहाण्या, आणून घालते! आजची आठवी खेप. तो जातो कुठून ते तुझ्या डोळ्यांनी बघ जरा. तिकडे, कोपऱ्यात!"

कोपऱ्याचा मोठा खांब ताणाने झुकू नये म्हणून आतून त्याला तिरका टेकू दिलेला असतो. एरूने आयुष्यात शेकडो असे टेकू दिले. मेंढी त्यावर चढत नाही, गाय चढत नाही. त्या टेकूवर खालपासून वरपर्यंत चिखलाचे पंजे उमटले होते, थेट खांबाच्या माथ्यापर्यंत. तिथे जाळी नव्हतीच. कुत्र्याला शिडी त्यानेच करून दिली होती.

तेवढ्यात हिनेवायची गाडी येऊन थांबली. तिने नोलीनकडे पाहिलं, बॉसकडे पाहिलं. "काका, तक्रार खरीच म्हणायची? हिनेच बाहेर काढला?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दोष तिच्यावर गेला असता आणि बॉस वाचला असता. नोलीन एरूकडे बघत होती. बॉसने फाटकाच्या गजांमधून नाक घालून एरूच्या गुडघ्याला लावलं.

"नाही," एरू म्हणाला. "माझ्याच टेकूवरून चढून गेला. ही त्याला आणून घालत होती. तक्रार फाडून टाक." आणि मग त्याने फाटकाचे गज धरले. "त्याला नेऊ नकोस गं. पाया पडतो तुझ्या."

हिनेवाय खाली बघत म्हणाली, "काका, मोकळा सापडला म्हटल्यावर नियमाने..."

"मोकळा कुठाय?" नोलीनने मूठ उंच केली. "बांधलेला आहे. मी फिरायला आणलाय."

"गाऊनच्या पट्ट्याने?"

"पट्टा कसला हवा ते नियमात लिहिलंय का?"

"नाही."

"मग झालं तर!"

हिनेवायने पट्ट्याची गाठ ओढून पाहिली. "दुपारच्या आत तो टेकू आतून निघाला पाहिजे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

एरूने कुलूप काढलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"माझे किवी जगायला हवेत, म्हणून याला आणत होते. याला मारून ते जगवायचे नव्हते मला. आणि सांगितलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?"

एरूने खरंच विचार केला.

"नाही," तो म्हणाला.

"मग आता हात दे. गुडघा धरलाय माझा."

एरूने दोन्ही हात पुढे केले.